वाचलेले मासे बियाण्याला ठेवावेत का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माढा तालुक्यात माझी डाळिंबाची बाग आहे. बागेसाठी प्लास्टिकचा कागद टाकून शेततळं केलंय. त्यात ऑगस्टमध्ये रोहू, कटला आणि मृगळाची दोन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. जानेवारीच्या शेवटी मासे मरायला लागले. परांच्या बुडाशी रक्त उतरल्यासारखं लाल, पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले, काहींच्या अंगाला जखमा. महिन्याभरात सहाशेच उरले. पण उरलेले आता खाद्यावर तुटून पडतायत. एवढ्यातून वाचले म्हणजे यांच्यात ताकद असणार. यांनाच बियाण्याला ठेवलं तर रोग न होणारी जात तयार होईल का?
(एक शेतकरी, ता. माढा)

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सकाळी तळ्यावर जावं आणि पांढरी पोटं वर करून मासे तरंगताना दिसावेत, हे मी माझ्या भावाच्या तळ्यावर पाहिलंय. त्याची गोष्ट पुढं सांगते.

तुम्ही लिहिलेल्या खुणा एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूच्या वाटतात. खात्री प्रयोगशाळेतच होते. पण तो बाहेरून कुठून आला याचा शोध घेत बसू नका. गोड्या पाण्यात तो असतोच, धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. माशाची तब्येत ढासळली की तो जोर धरतो. जानेवारीत आपल्याकडं पहाटेचा गारठा असतो. मासा थंड रक्ताचा, त्यामुळं पाणी गार झालं की त्याची प्रतिकाराची यंत्रणाही मंदावते. त्यात तुमचं तळं कागदाचं. मातीच्या तळ्यात विष्ठा आणि उरलेली पेंड तळाचा गाळ बरीचशी जिरवतो. कागदावर ती तशीच साचते, अमोनिया वाढतो आणि पहाटे ऑक्सिजन उतरतो. हे सगळं एकाच वेळी माशावर येतं.

मग सहाशे का वाचले? त्यासाठी माशाच्या अंगात काय चालतं ते बघू या.

ज्या बुळबुळीत थरामुळं मासा हातातून निसटतो, तो थर ही त्याची पहिली भिंत. त्यात लायसोझाइम असतं. जिवाणूचं कवच फोडणारं हे प्रथिन आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातही असतं. सोबत जिवाणूंना मारणारी आणखी लहान लहान प्रथिनं असतात. वाढ बघायला म्हणून जाळं ओढलं आणि मासे कागदावर आपटले, खरचटले, की ही भिंत तिथं पडलीच. म्हणून मी नेहमी सांगते, थंडीत जाळं ओढू नका.

जिवाणू आत शिरला की त्याला ओळखणारे पहारेकरी असतात. एरोमोनासला पोहायला शेपटीसारखा धागा असतो. त्या धाग्याचं प्रथिन ओळखणारा एक रेणू माशाच्या पेशींवर बसलेला असतो, त्याचं नाव टोल-लाइक रिसेप्टर ५. ओळख पटली की पेशी एकमेकींना निरोप धाडतात आणि जिवाणू गिळणाऱ्या पेशी तिकडं धावतात. त्याच वेळी शरीर रक्तातलं लोह लपवायला लागतं, कारण लोहाशिवाय जिवाणू वाढत नाही. हेपसिडिन आणि ट्रान्सफेरिन ही प्रथिनं ते काम करतात. शिवाय रक्तात पूरक प्रथिनांची एक साखळी असते. ती जिवाणूच्या पापुद्र्याला भोकं पाडते. आणि एरोमोनासचं हत्यार काय? एरोलायसिन नावाचं विष, जे माशाच्या पेशींना भोकं पाडतं! दोघंही एकमेकांना भोकंच पाडत असतात. आधी कुणाची पडतात, त्यावर मासा जगणार की मरणार हे ठरतं. वर्गात हे शिकवताना दर वर्षी मुलं पुढं सरकून ऐकायची.

मासा साफ करताना कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी दिसते, ते त्याचं मूत्रपिंड. आपलं रक्त हाडांच्या मगजात बनतं, माशाचं बनतं त्या पट्टीच्या डोक्याकडच्या भागात. नेमकी ओळख ठेवणारी प्रतिपिंडंही तिथूनच येतात, पण त्यांना तयार व्हायला आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. एरोमोनास काही दिवसांतच काम उरकतो. म्हणून या रोगात वरच्या पहिल्या फळ्याच महत्त्वाच्या.

आता तुमच्या प्रश्नाशी येते. ही सगळी प्रथिनं कशी बनवायची ते जनुकांत लिहिलेलं असतं. प्रत्येक रोहूत ती जनुकं असतात, पण घराण्यागणिक त्यांतली अक्षरं थोडी बदलतात. एका घराण्याचे पहारेकरी जिवाणू लवकर ओळखतात, दुसऱ्याचं लायसोझाइम जास्त असतं, तिसरं लोह पटकन लपवतं. क्वचित एकाच जागेवरचं जनुक निम्म्याहून अधिक फरक पाडतं. सामन माशाच्या आयपीएन या विषाणूजन्य रोगात तसं सापडलं आणि नॉर्वे, स्कॉटलंडच्या मत्स्यपालकांना त्याचा मोठा फायदा झाला. जिवाणूंच्या रोगांत मात्र बहुधा पुष्कळ जनुकं थोडाथोडा हातभार लावतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या लीटाउन इथल्या केंद्रात रेनबो ट्राउट माशावर फार चिकाटीनं काम झालं. गार पाण्यात पिल्लं मारणारा फ्लेव्होबॅक्टेरियम जिवाणू तिथं मोठी डोकेदुखी होती. त्याला पुरून उरणारी घराणी त्यांनी पिढ्यानपिढ्या निवडली. तिथं रोगात टिकण्याची आनुवंशिकता ०.३ च्या आसपास निघाली. म्हणजे कोण जगला आणि कोण मेला यात जो फरक पडतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा आईबापांकडून आलेला. बाकीचा पाण्याचा, वयाचा, खाद्याचा, जखमांचा आणि दैवाचा. आणखी एक गंमत दिसली : ज्या घराण्यांची प्लीहा मोठी, ती जास्त टिकली.

म्हणून तुमच्या सहाशेंकडं नीट बघा. काही खरंच ताकदवान असतील. काही पाणी आत येतं त्या कोपऱ्यात होते, तिथं ऑक्सिजन बरा होता. काहींना खरचटलंच नव्हतं. काही नुसते अंगापिंडानं मोठे होते. वरून बघून यातलं कोण कुठलं ते तुम्हालाच काय, मलाही सांगता येणार नाही. शिवाय रोगातून उठलेला मासा जिवाणू अंगात बाळगून राहू शकतो. तो नव्या बोटुकलीत मिसळला तर नव्यांना धोका.

आणि मुळात रोहू, कटला, मृगळ तुमच्या तळ्यात अंडी घालणारच नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. थांबलेल्या पाण्यात पोट अंड्यांनी भरतं, पण अंडी सुटत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना, म्हणजे रोहूच्या कुळातल्या माशांना, अंडी घालायला लावलं, तेव्हापासून हे तळ्यावर जमू लागलं. म्हणूनच तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. म्हणजे बियाणं करायचं तर इंजेक्शन, हौद, जिरे म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं वाढवायची टाकी, सगळा संसार मांडावा लागेल.

तरी समजा मांडला. एक किलोची रोहू मादी दोनेक लाख अंडी देते. मग दहाच माद्या ठेवल्या तरी बीज संपता संपत नाही. नेमका इथंच घात होतो. पुढच्या पिढीत त्याच घरातली भावंडं एकमेकांत लागतात, त्याच्या पुढच्या पिढीत पुन्हा तेच. चार पिढ्यांत रक्त इतकं जवळ येतं की सगळ्यांच्या जनुकांत तीच ती अक्षरं राहतात. एका जिवाणूला जमलं की सगळ्यांवर जमलं.

तुम्ही डाळिंबवाले आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. भगवा जातीच्या डाळिंबाची बाग गुटी कलमांवर उभी असते. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच झाडाच्या प्रती. डाळिंबावरचा तेल्याही जिवाणूचाच रोग. तो एका झाडाला जमला की शेजारच्याला वेगळं काही करावं लागत नाही. मासे जोडीतून जन्मतात, प्रत्येक पिल्लू वेगळं असतं, हे केवढं मोठं भांडवल आहे! भावंडांची भावंडांशी गाठ घालून ते आपणच उधळतो.

मग ताकदवान घराणं निवडायचं कसं? पंढरपुरी म्हशीचा रेडा निवडताना तुमचे वडील काय बघायचे? रेडा काही दूध देत नाही. त्याच्या आईचं दूध बघायचं, बहिणींचं बघायचं. माशांतही अगदी तेच करतात. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेला गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे, सिफा म्हणून ती ओळखली जाते. तिथं १९९२ साली नॉर्वेच्या संशोधकांबरोबर रोहू सुधारण्याचं काम सुरू झालं. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांचा रोहू आणला, तळ्यातल्या रोहूशी त्याच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळ्या तळ्यात. जरा मोठी झाली की तांदळाच्या दाण्याएवढी चिप पोटात बसवायची, म्हणजे कोण कुणाचं ते जन्मभर कळतं. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या सुधारलेल्या जातीचं नाव ठेवलं जयंती रोहू. वाढीत दर पिढीला सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास सुधारणा झाली.

पुढं त्याच घराण्यांवर रोगाची परीक्षा घेतली. प्रत्येक घराण्यातली काही भावंडं वेगळी काढून त्यांना एरोमोनास टोचला आणि कुठल्या घराण्यातली किती जगली ते मोजलं. काही घराणी ठळकपणे जास्त टिकली आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरलेलाही दिसला. आता यातली खुबी लक्षात घ्या : ज्यांना जिवाणू टोचला त्यांच्यातलं वाचलेलं कुणीच बियाण्याला वापरायचं नाही. वापरायची त्यांची न टोचलेली, निरोगी भावंडं. रेड्याची बहीण दूध देते, त्यावरून रेडा ठरतो, तसंच. तुम्ही वाचलेले मासे ठेवायचं म्हणता. तिथं वाचलेल्यांच्या घरातले, रोग न बघितलेले ठेवतात.

जयंती मुख्यतः वाढीसाठी निवडलेली आहे, हेही सांगून ठेवते. तिला रोग होतच नाही असं सांगून कुणी बीज विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता भावाची गोष्ट. करमाळ्याकडं त्याचं तळं आहे. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, वडील भीमेत जाळं टाकणारे, त्यामुळं मासा घरातलाच. भावानं एका वर्षी एका विक्रेत्याकडून स्वस्तातलं बीज घेतलं. मी त्याला काही विचारलं नाही, तोही बोलला नाही. दिवाळीपर्यंत दिसायला लागलं : काहींची शेपटी आखूड, काहींचा कणा वाकडा, एकाच वयाचे मासे कुणी बोटाएवढे तर कुणी तळहाताएवढे. थंडीत जखमा उठल्या आणि तळं रिकामं झालं. नंतर विक्रेत्याकडं जाऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की पाच वर्षं तो त्याच मोजक्या माद्या आणि त्यांच्याच पोरी वापरत होता. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि घरच्या तळ्याला तो एक प्रश्न विचारायचा राहिला. ते मला अजून लागतं. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, पुढचं बीज घेताना दराच्या आधी हे विचारा : जनक मासे कुठून आणले, नर-माद्या किती आहेत, शेवटचे नवे जनक कधी आणले. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग तो हजारामागं कितीही कमी लावो.

तुमचे सहाशे मासे वाढवा, विका, खा. तळं रिकामं करून कागद घासून धुवा, उन्हात चांगला वाळू द्या आणि मगच नवं बीज सोडा.

प्रश्न : मॅडम, मी सोलापुरात बी.एस्सी.ला आहे. मगरीचं जनुक घातलेला मासा तयार झालाय असं वाचलं. हे खरं आहे का?
(एक विद्यार्थिनी, सोलापूर)

खरं आहे. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात हे काम झालं. अ‍ॅलिगेटर जातीच्या मगरी आपसांत भांडतात, चावे घेतात, चिखलात लोळतात, तरी त्यांच्या जखमा सहसा चिघळत नाहीत. त्यांच्या रक्तात कॅथेलिसिडिन नावाचं जिवाणू मारणारं प्रथिन असतं. त्याचं जनुक संशोधकांनी क्रिस्पर या जनुकांत काटछाट करण्याच्या तंत्रानं चॅनेल कॅटफिश माशात घातलं आणि रोगाच्या परीक्षेत ते मासे साध्या माशांपेक्षा कितीतरी जास्त जगले. मला त्यांची दुसरी युक्ती जास्त आवडली. जनुक त्यांनी बसवलं ते प्रजननाच्या संप्रेरकाच्या जनुकाच्या जागी. त्यामुळं तो मासा बाहेरून संप्रेरक दिल्याशिवाय अंडी घालू शकत नाही, आणि तळ्यातून निसटून नदीत गेला तरी तिथं वंश वाढवणार नाही.

पण परीक्षेत लिहिताना हे विसरू नकोस की माशांकडं स्वतःचीही कॅथेलिसिडिनं असतात, ट्राउटमध्ये ती सापडली आहेत. आणि एक जनुक म्हणजे अख्खा प्रतिकार, असंही समजू नकोस. अटलांटिक कॉड माशाचा जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला, तेव्हा प्रतिपिंडं बनवण्यासाठी अत्यावश्यक मानलेली एमएचसी २ (जिवाणूचे तुकडे इतर पेशींना दाखवणारे रेणू) ही सगळी शाखाच त्याच्यात नाहीशी झालेली निघाली. तरी कॉड समुद्रात सुखानं जगतो, कारण एमएचसी १ ची जनुकं त्यानं भरमसाट वाढवली आहेत. आमच्या पुस्तकातलं चित्र त्या दिवशी मी पुन्हा काढायला घेतलं.

प्रश्न : ताई, उजनीत आता चिलापीच चिलापी. कटल्याला रोग होतो, चिलापीला का नाही?
(एक मच्छीमार, ता. करमाळा)

भाऊ, चिलापी चिवट आहे हे खरं. कमी ऑक्सिजन सोसते, मिळेल ते खाते, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते. पण तिचाही वैरी आहे, स्ट्रेप्टोकोकस. पाणी तापलं आणि दाटी झाली की मासे गोल गोल फिरायला लागतात, डोळे बाहेर येतात, कारण जिवाणू मेंदूपर्यंत पोचतो. चिलापी पाळणाऱ्या कित्येक देशांत यानं तळीच्या तळी रिकामी केलीत. एरोमोनासपुढं टिकणारं घराणं स्ट्रेप्टोकोकसपुढं टिकेलच असं नाही, प्रत्येक जिवाणूची चाल वेगळी. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या गिफ्ट नावाच्या सुधारित चिलापीची निवड वाढीसाठी होती. पुढं वेगवेगळ्या देशांत स्ट्रेप्टोकोकसविरुद्धही घराणी तपासली, आणि तिथंही ताकद रक्तातून उतरते असंच निघालं.

प्रश्न : दुकानदारानं माशांच्या खाद्यात कालवायला प्रतिजैविकाची पूड दिलीय. द्यावी का?
(एक शेतकरी, मोहोळ)

नको. जनुकं माशालाच असतात असं नाही, जिवाणूलाही असतात. औषधाला न जुमानण्याचं जनुक तो प्लास्मिड नावाच्या छोट्या कड्यावर घेऊन फिरतो आणि शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देतो. रोहूची नवी पिढी यायला दोनेक वर्षं लागतात, जिवाणूची पिढी तासाभरात होते. कमी मात्रेत रोज औषध घातलं तर मरतात ते दुबळे जिवाणू, आणि तळ्यात उरतात ते औषधाला पुरून उरलेले. आजारी मासा तर खातच नाही, म्हणजे औषध जातं ते निरोग्यांच्या पोटात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं माशांना देण्यावर आपल्याकडं बंदी आहे. पुडीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, काहीच लिहिलं नसेल तर ती परत करा.

आधी खाद्य थांबवा, पाणी बदला, पहाटे पंप लावून पाणी वरून पाडा. आणि दोन-तीन आजारी पण जिवंत मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, त्याच तळ्याच्या पाण्यातून, तपासणीला न्या. मेलेले नेऊ नका. मेलेल्या माशात एरोमोनास आपोआप वाढतो, मग रोग कशाचा होता ते कुणालाच सांगता येत नाही.